घोडे बघायला एवढ्या लांब?

शेजारच्या काकींचा पहिला प्रश्न हाच. "घोडे बघूक येवढ्या लांब गेल्लंस? गो बाय, तितक्या पैशात घरावर नवी कौलां इली असती."

कौलांचं खरंच होतं. जूनच्या पावसात आमची पडवी तीन ठिकाणी गळली, तेव्हा मी देवगडात नव्हतेच. मंगोलियात एका डोंगराच्या उतारावर पालथी पडून भाच्याच्या दुर्बिणीतून रानघोडे शोधत होते.

भाचा तिकडे इंजिनिअर आहे. भारताच्या कर्जातून साइनशांदजवळ, म्हणजे गोबीच्या बाजूला, तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहतोय, तिथे. (आमच्या बहिणीचं सासर राजापूर तालुक्यातलं. ज्या तालुक्यात रिफायनरीवरून भावाभावांची बोलणी बंद झाली, तिथला मुलगा रिफायनरी बांधायला मंगोलियात. या विषयावर घरात कोणी तोंड उघडत नाही, मीही इथे एवढंच लिहिते.) त्याने चार दिवस रजा काढली आणि म्हणाला, मावशी, आंब्याचं आटपलं की ये. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत भूगोल शिकवताना 'गवताळ प्रदेश' हा धडा मी फळ्यावर हिरवा खडू फासून उरकत आले होते. गेले.

उलानबातरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. देशाची जवळजवळ निम्मी माणसं या एका शहरात राहतात आणि ती सगळी एकाच वेळी गाडी बाहेर काढतात. शहर मागे पडलं की मात्र झाड नावाची गोष्ट संपते. पश्चिमेकडे डांबरी रस्ता, मग डावीकडे कच्चा फाटा, एकूण शंभरेक किलोमीटर, आणि हुस्ताई राष्ट्रीय उद्यानाचं फाटक. 500 चौरस किलोमीटरच्या थोडं वर क्षेत्र. सगळ्यात उंच डोंगर 1,842 मीटर, पण तळच इतका उंचावर की तो डोंगर आपल्याला टेकाडासारखा दिसतो. दक्षिणेकडचे उतार निव्वळ गवताचे. उत्तरेकडच्या घळ्यांत भूर्जाची पांढऱ्या खोडांची झाडं. तिथे ऊन कमी पोचतं, ओल टिकते, म्हणून झाडं तेवढ्याच अंगाला. हे मी पोरांना नकाशावर कधी दाखवलं नव्हतं, आणि इथे मात्र एका डोंगराची एक बाजू केसाळ, दुसरी टकली, अशी समोर उभी.

वर्षाचा पाऊस अडीचशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे जुलैत जोर धरला तर दोन दिवसांचा हिशेब.

आणि तरीही मला पहिल्या अर्ध्या तासात आठवला तो आमचा सडा, म्हणजे कोकणातलं उघडं कातळाचं पठार. गाडीतून उतरल्यावर कानात तोच वारा. लांबवर आडवं काहीच नाही, सावलीला जागा नाही, आणि पायाखाली बघितलं तर बोटभर उंचीची फुलं. आमच्या सड्यावर ऑगस्टमध्ये सीतेची आसवं येतात तशी. तिथे कातळावर वीतभर माती, इथे खोल माती, फरक खूप. पण 'तिथे काय आहे बघायला' हे वाक्य दोन्हीकडे तेच.

घोड्याचं नाव ताखी. इंग्रजी पुस्तकांत तो प्रझेवाल्स्कीचा घोडा, एका रशियन प्रवाशाच्या नावाने. मंगोल माणसं मात्र ताखीच म्हणतात, आणि त्या शब्दात पूज्य असा अर्थ आहे. पाळीव घोडा माजून रानात गेला तर तो रानघोडा होत नाही. ताखीचं कूळच निराळं. पाळीव घोड्याची गुणसूत्रं 64, याची 66. रानात तो शेवटचा दिसला 1969 मध्ये, गोबीत. त्यानंतर तो फक्त युरोप-अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत उरला, तेही डझनभर पकडलेल्या घोड्यांची पिलावळ. पिंजऱ्यापिंजऱ्यांत भावाबहिणींचीच लग्नं लागत होती म्हणा ना. नेदरलँड्समधल्या यान आणि इंगे बाउमन या जोडप्याने 1977 मध्ये संस्था काढली, वेगवेगळ्या ठिकाणचे घोडे वंशावळी तपासून जुळवले, आणि 1992 च्या जूनमध्ये पहिली तुकडी विमानाने मंगोलियात उतरली. 2000 पर्यंत पाच खेपांत 84 घोडे. आधी त्यांना कुंपणात ठेवलं, हिवाळ्याची सवय होऊ दिली, मग सोडलं. आज हुस्ताईत चारशेच्या आसपास आहेत. हे सगळं आम्हाला सांगणारी वाटाडी मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची असेल, म्हणजे तिच्या जन्माआधी घोडे येऊन स्थिरावले होते. तिच्या आजोबांनी तरुणपणी त्यांच्या फक्त गोष्टी ऐकल्या होत्या.

पहिल्या दुपारी घोडे दिसले नाहीत. ज्यांच्यामार्फत गाडी ठरवली होती त्यांनी 'शंभर टक्के दिसतात' असं सांगितलेलं, आणि भर दुपारी बाराला आणून सोडलेलं. दुपारी घोडे माशा चुकवायला वरच्या धारेवर वाऱ्यात उभे असतात. आम्हाला दिसले मार्मोट, मांजराएवढे, गुबगुबीत, बिळाच्या तोंडाशी उभं राहून शिट्टी मारणारे. मी चिडले होते. भाचा पोरासारखा हसत होता.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळात साडेसात वाजता (जूनमध्ये तिथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो), ओढ्याच्या समोरच्या उतारावर झोपलो. ठरावीक अंतराच्या पुढे जाऊ देत नाहीत. अर्धा तास काहीच नाही. मग धारेवरून एक ठिपका, मग सात.

ठेंगणे, जाड मानेचे. रंग सुकल्या गवताचा, पोट त्याहून फिकट, आणि तोंड पिठाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखं पांढरं. आयाळ लोळत नाही, ताठ उभी, भांडी घासायच्या ब्रशासारखी, कपाळावर बट नाही. पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत काळी रेघ. पायांवर पुसट पट्टे, झेब्र्याचा कोणीतरी लांबचा नातेवाईक शोभावा असे. पुढे एक वयस्कर घोडी, मागोमाग बाकीच्या, दोन शिंगरं मध्ये, आणि शेवटी नर. एक घोडी वाट सोडून खाली भरकटली तर त्याने मान जमिनीलगत लांब केली, कान मागे पाडले आणि तिच्याकडे चालत गेला. पळाला नाही, नुसता चालत गेला. ती गुपचूप ओळीत आली. पाण्यावर उतरण्याआधी तो बराच वेळ उभा राहिला, लांडग्यांसाठी. शिंगरांवर लांडगे टपलेले असतात. कुंपण काढलं की हेही आलंच.

त्या पंचवीस मिनिटांत मी एकही शब्द बोलले नाही. माझ्या शाळेतल्या सहकाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

रात्री गेरमध्ये राहिलो, लोकरीच्या नमद्याच्या गोल तंबूत. आत शिरताना मी सवयीने उंबरठा ओलांडून पाऊल टाकलं, तर यजमानीणबाई खूश. त्यांच्यातही उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. चुलीत जळत होत्या शेणी, अगदी आमच्या शेणींसारख्या, फक्त थापलेल्या नव्हेत. माळावर वाळलेलं शेण तसंच गोळा करून आणायचं. चहा दुधाचा आणि खारा. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं, मग पेज समजून प्यायले आणि जमलं. तिसऱ्या दिवशी मात्र मटणाला विटून बांगड्याच्या आठवणीने जीव कासावीस झाला. समुद्रापासून इतक्या लांब मी आयुष्यात कधी गेले नव्हते.

निघायच्या दिवशी तूल नदीच्या बाजूला प्राचीन तुर्क टोळ्यांच्या काळातल्या थडग्यांपाशी थांबलो. दगडी माणसं, आणि त्यांच्यापासून माळावर रांगेने उभे केलेले शेकडो दगड. मला कशेळीचा सडा आठवला. तिथे कातळात हत्ती खोदलाय, त्याच्या पोटात बाकीचे प्राणी. कोकणच्या कातळशिल्पांत गेंडाही आहे. आमच्याकडे त्याला परत आणायचं म्हटलं तर लोक मला वेड्यात काढतील. वाटाडीला मी मोबाइलवर तो हत्ती दाखवला. तिने विचारलं, हा कधी गेला? मी शिक्षिका, पण उत्तर देता आलं नाही.

घरी आल्यावर गळक्या पडवीत बादल्या ठेवून काकींना फोटो दाखवले. काकींनी जन्मभर सड्यावर गुरं राखली, आता गुडघे धरलेत म्हणून घरी. डोंगर, तंबू, मी, भाचा, सगळं त्यांनी बोटाने भराभर सरकवलं. ओढ्यावरच्या फोटोवर थांबल्या. चष्मा वर केला.

"ही मागची बघ. पोट खाली उतारलाहा. आज-उद्या व्यायतली ही."

वाटाडीने काही सांगितलं नव्हतं. फोटो मोठा करून बघितला. ओढ्यात तोंड घालून उभी असलेली ती घोडी, जिला नराने मघाशी वळवून आणलं होतं तीच.