शून्यांची ओळ

जुना डेटा नव्या डेटाबेसमध्ये हलवणं हे माझं काम. त्यातला खरा वेळ कचरा ओळखण्यात जातो, हे बाहेरच्यांना कळत नाही. या वेळी अमेरिकन क्लायंटच्या बेसबॉलच्या नोंदी होत्या. मी पुण्यात बसून नियम लिहिला: पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) कारकिर्दीच्या बेरजेत टाकलेल्या इनिंग्ज, समोर आलेले फलंदाज, दिलेल्या धावा सगळं शून्य असेल, तर ओळ बाद.

एकच ओळ अडकली. लॅरी याउंट. सामने १, बाकी सगळी शून्यं.

“एन्ट्रीची चूक असणार. उडव आणि तिकीट बंद कर,” टीमचा लीड म्हणाला. तिकीट म्हणजे कामाची नोंद. आमच्याकडे बंद झालेली तिकिटं मोजतात, बरोबर निघालेली नाही. मी उडवली.

रात्री राहवेना, म्हणून शोधलं. १५ सप्टेंबर १९७१, ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम मैदान, समोर अटलांटाचा संघ. एकवीस वर्षांच्या लॅरीला नवव्या इनिंगला बोलावलं. लष्करी राखीव दलातली हजेरी संपवून तो नुकताच परतला होता. वॉर्म-अप करतानाच कोपर दुखायला लागलं होतं. मैदानात गेल्यावर मोकळं होईल असं त्याला वाटलं. झालं नाही. सरावाचे एकदोन चेंडू टाकून तो बाहेर पडला. पण नावाची घोषणा झाली होती आणि नियमाने तेवढ्यावर सामना त्याच्या खात्यात जमा झाला. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर, तो पुन्हा कधीच दिसला नाही. त्याचा धाकटा भाऊ रॉबिन मिलवॉकीकडून २० हंगाम खेळला, ३,१४२ हिट्स (यशस्वी फटके) काढून हॉल ऑफ फेममध्ये, महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला.

सकाळी ओळ परत आणली. मग अडलं सरासरीवर. पिचरची सरासरी म्हणजे दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावा, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या सोडून. धावा देऊन एकालाही बाद न केलेले पिचर आहेत; त्यांची सरासरी अनंत, ते ठीक. याउंटची मात्र शून्य भागिले शून्य. त्याला उत्तरच नाही. जुन्या कोडमध्ये कुणीतरी ‘उत्तर नसेल तर ०’ असं लिहून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं असतं, तर याउंट सर्वोत्तम पिचर्सच्या यादीत सगळ्यात वर बसला असता. ही आळशी सवय मी किती प्रोजेक्टमध्ये पाहिली आहे! अख्खा दिवस घालवून मी ‘शून्य’ आणि ‘नोंद नाही’ सगळीकडे वेगळे केले. त्याच्या सरासरीच्या रकान्यात आता फक्त एक आडवी रेघ आहे. लीडला तो दिवस वाया गेल्यासारखा वाटतो, मला नाही.

पण सगळी शून्यं असली की ओळ उडवायची, हा नियम माझाच आहे. तीन वर्षं मी तो प्रोजेक्टमागून प्रोजेक्टमध्ये जसाच्या तसा चिकटवत आलोय. एका रुग्णालयाच्या डेटालाही लावला होता. तिथे उडालेल्या ओळींचा लॉग, म्हणजे त्यांची नोंद, नव्वद दिवसांनी पुसला जायचा. काल उघडून पाहिला. रिकामा आहे.