तुम्ही विचारलंत म्हणून: रात्रीच्या लोकलची भीती

“इतक्या रात्री एकटी लोकलने येतेस, भीती वाटत नाही का?” हा प्रश्न मला सांगलीची मावशी विचारत आली आहे आणि अलीकडे तुमच्यापैकीही अनेकांनी विचारला. वृत्तपत्राची संध्याकाळची पाळी संपवून साडेअकराच्या सुमारास सीएसएमटीहून डोंबिवलीची धीमी गाडी पकडणाऱ्या बाईचे प्रामाणिक उत्तर असे की, भीती वाटते. मात्र ती घड्याळावर अवलंबून नसते.

दादरला दुकाने बंद करून चढलेल्या मुली चपला काढून समोरच्या बाकावर पाय पसरतात, परळहून आलेल्या परिचारिका डुलक्या घेतात, आणि तोवर किती वाजले याची आठवणही होत नाही. ठाण्यानंतर मात्र डबा ओसरतो. एकदा होमगार्डही दिसत नसताना कळव्याला एक तरुण चुकून महिला डब्यात चढला. माझा चेहरा पाहून तोच इतका बावरला की, मुंब्रा येताच उतरून शेजारच्या डब्याकडे पळाला. गुन्हा काहीच घडला नाही, तरी त्या चार-पाच मिनिटांत जी भीती वाटली ती खोटी नव्हती.

याउलट, सकाळी डोंबिवलीला दारात एका पायावर लटकताना मला काही वाटत नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. शहरातले खून त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही नसतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी तर वर्षानुवर्षे सांगते की, बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. तरीही मावशीने मला “लग्नघरी एकटी राहू नकोस” असे कधी बजावलेले नाही.

हे सारे ठाऊक असूनही २२ ऑगस्ट २०१३ नंतर मी बदलले. महालक्ष्मीच्या बंद शक्ती मिलमध्ये जिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, ती आमच्याच व्यवसायातली छायाचित्रकार होती. ती कामावर होती, वेळ संध्याकाळची होती आणि सोबत पुरुष सहकारीही होता. आम्हाला लहानपणापासून शिकवलेली प्रत्येक खबरदारी तिने घेतलेली होती. त्यानंतर काही महिने मी कचेरीच्या गाडीने घरी जात असे, पण निर्मनुष्य महामार्गावर अनोळखी चालकामागे तासभर बसण्यापेक्षा मला लोकलच बरी वाटली. (घरच्यांना हे अजून पटलेले नाही.)

फलाटांवर कॅमेरे वाढले, ते चांगलेच झाले. पण कॅमेऱ्याचा उपयोग बहुधा घटना घडून गेल्यावर होतो. मला विचाराल तर फलाटावरचा चहाचा एक तरी स्टॉल शेवटची गाडी जाईपर्यंत उघडा असावा आणि जिथे महिला डबा थांबतो, नेमका त्याच्यासमोर असावा.