आभारासकट मागणी

आज आईच्या रिपोर्टसाठी दुपारपर्यंत मेडिकल हॉस्पिटलच्या बाकावर बसून होतो. सकाळच्या बायबल वाचनात फिलिप्पैकरांस पत्रातलं 4:6 हे वचन होतं, ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’. प्रेषित पौलाने हे पत्र कैदेत असताना लिहिलं, म्हणून मला ते जास्तच खरं वाटतं. पण वचन तिथंच थांबत नाही. मागणी आभारप्रदर्शनासह कळवा, असं पुढे आहे. म्हणजे उत्तर यायच्या आधीच आभार! मला तरी हाच भाग सगळ्यात कठीण वाटतो.

शेजारी गोंदियाहून आलेल्या मावशी होत्या. त्यांनी डब्यातली अर्धी पोळी आईच्या हातावर ठेवली, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. तिथेच मी आभार मानायला लागलो, आधी मावशींसाठी.

आमचा रिपोर्ट यायचाय. त्यांच्या मुलाचं उद्या ऑपरेशन आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा.