जन्मले जपानमध्ये, मग परके कसे?

मिन जिन ली यांची ‘पाचिंको’ ही कादंबरी वाचायला दिली की आठ-पंधरा दिवसांत फोन येतोच. ‘नायिका सुंजा कोरियातून आली, ते समजलं. पण तिची मुलं ओसाकात जन्मली, नातू जपानी शिकतच मोठा झाला. ते परके कसे?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. १९१० साली जपानने कोरिया गिळला आणि तिथली माणसं जपानी सम्राटाची प्रजा झाली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर कोरिया सुटला, पण लाखो कोरियन जपानमध्येच राहिले. १९५२ साली त्यांचं जपानी नागरिकत्व काढून घेतलं, तेव्हाही कुणी विचारलं नाही. तिथल्या कायद्यात जन्म कुठे झाला याला किंमत नाही, आईबाप कोण ते बघतात. त्या काळी तर फक्त बाप. म्हणून बाप परका तर मूल परकं, आणि त्याचं मूलही. अर्ज करून जपानी होता येई, पण मग नावही जपानी घ्या, असा आग्रह असे.

मिन जिन ली यांनी हे सगळं एका वाढदिवसात आणलंय. नातू सॉलोमन चौदा वर्षांचा होतो. संध्याकाळी थाटाची पार्टी आहे, पण त्याआधी सरकारी कचेरीत जाऊन बोटांचे ठसे द्यायचे आणि परदेशी म्हणून नोंदणी करायची. गुन्हा काही नाही, वय झालं इतकंच. त्या पानांवर मला दर वेळी संताप येतो. कायम रहिवाशांवरची ही ठशांची सक्ती थेट १९९३ साली उठली.

नोआचं मात्र कायद्याने उलगडत नाही. सुंजाचा हा थोरला, अभ्यासू मुलगा नागानोला जाऊन जपानी म्हणून जगतो. बायकोलाही खरं सांगत नाही. त्याला भित्रा म्हणणारे वाचक मला भेटलेत. मला ते पटत नाही. त्याला आईची लाज वाटत होती असं मानलं, तर शेवटचं स्मशान पुन्हा वाचा. ज्याने त्याला आपलं नाव दिलं, वाढवलं, त्या इसाकच्या, म्हणजे आपल्या नवऱ्याच्या, थडग्यापाशी सुंजा येते, आणि तिथला राखणदार तिला सांगतो की नोआ इथे येत असे. घर सोडल्यानंतरही.