अंकाचं टपाल थंडरबर्डमध्ये आणताना

आमच्या दिवाळी अंकाचा जीमेलचा पत्ता एकच, आणि तो वापरणारे तिघं: संपादक काका, मी आणि जाहिराती पाहणारा मुलगा. साहित्य पाठवण्याचं आवाहन गेलं की कविता यायला सुरुवात होते. प्रत्येक कवितेमागे कवीचा फोटो असतो, आणि तो मोबाइलमधून निघाला तसा, मूळ आकारात. जीमेलची फुकट जागा १५ जीबी. त्यातच ड्राइव्ह आणि फोटोंचाही हिशोब होतो. आमची जागा भरत आली होती. ती पूर्ण भरली की नवे मेल आत येत नाहीत, पाठवणाऱ्याकडे परत जातात. ऐन हंगामात एखाद्या ज्येष्ठ लेखकाची कथा अशी परत गेली असती तर काकांनी मला अंकातून काढलं नसतं, पण बोलले नक्की असते.

पैसे भरून जागा वाढवता येते. काकांना ते नको होतं. "इतक्या वर्षांचा पत्रव्यवहार आपल्याच कपाटात असू दे," असं ते म्हणाले. मलाही हवंच होतं, कारण आमच्या भागात पावसाळ्यात नेट कधी जाईल याचा नेम नाही आणि नेट गेलं की आलेल्या कथा वाचायची सोय राहत नाही. म्हणून हे खातं ब्राउझरबाहेर काढून कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये आणायचं ठरलं. प्रोग्रॅम निवडला थंडरबर्ड. तो मोझिलाच्या घरातला, फुकट, विंडोजवर आणि लिनक्सवरही चालणारा. २००४ च्या डिसेंबरात त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली, त्याच वर्षी एप्रिलमध्ये जीमेल आलं होतं. म्हणजे दोघं एकाच वयाचे.

थंडरबर्ड उघडल्यावर तो नाव आणि मेलचा पत्ता विचारतो. पुढे गेलं की तो स्वतःच सर्व्हरची माहिती शोधतो. जीमेलसारख्या मोठ्या सेवांची माहिती त्याच्याकडे तयार असते, त्यामुळे पोर्ट क्रमांक, म्हणजे सर्व्हरच्या कुठल्या दाराने जायचं तो आकडा, पाठ असण्याची गरज नाही. तरी ज्यांना हाताने भरावं लागेल त्यांच्यासाठी सांगते: मेल येण्यासाठी आयमॅप, पोर्ट ९९३, एसएसएलसह, मेल जाण्यासाठी एसएमटीपी, पोर्ट ४६५ एसएसएलसह किंवा ५८७ स्टार्टटीएलएससह (एसएसएल आणि स्टार्टटीएलएस या जोडणी सुरक्षित करण्याच्या पद्धती). युजरनेम म्हणून पूर्ण पत्ता, ॲटच्या पुढच्या भागासकट.

याच पडद्यावर एक निवड असते, आणि तिथे घाई करायची नाही: आयमॅप की पॉप? दोन्ही पद्धती १९८० च्या दशकातल्या. पॉप आधीची, फोनच्या तारेवरून जोडणी करायची, टपाल उतरवून घ्यायचं आणि फोन ठेवायचा, अशा काळातली. ती इनबॉक्समधले मेल आणून देते, पण आपण लावलेली लेबलं आणत नाही, आणि इथे मी एखादा मेल वाचला तर ते काकांच्या फोनवर कळत नाही. आयमॅपमध्ये मूळ टपाल सर्व्हरवर राहतं आणि प्रत्येकाच्या यंत्रावर त्याचंच प्रतिबिंब दिसतं. मी कवितेला तारा लावला की काकांनाही तारा दिसतो. एकट्या माणसाला फक्त जुनी पत्रं उतरवून ठेवायची असतील तर पॉप वाईट नाही. तिघांच्या खात्याला आयमॅपच हवा. एक बरं आहे, जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आयमॅप चालू करायची पायरी आता उरलेली नाही. २०२५ पासून वैयक्तिक खात्यांत तो कायम चालूच असतो.

पुढे गूगलची लॉगिन खिडकी उघडते. पासवर्ड थंडरबर्डला द्यायचा नसतो, तो गूगलच्या खिडकीत टाकायचा, आणि गूगल थंडरबर्डला एक परवाना देतं. या पद्धतीला ओऑथ म्हणतात. आमच्या खात्याला दुहेरी पडताळणी आहे आणि ती काकांच्या फोनवर. मी माझ्या घरी, काका त्यांच्या घरी. फोन लावला.

"काका, आता तुमच्या फोनवर विचारेल, तुम्हीच लॉगिन करताय का म्हणून. तीन आकडे दिसतील, त्यातला मी सांगते तो दाबा."

"मी कुठे करतोय? तू करतेयस."

"मीच करतेय, पण तुम्ही हो म्हणा."

ते झालं. मग माझ्या पडद्यावर परवानगीचं पान आलं आणि ते काकांना वाचून दाखवणं मला भाग होतं, कारण खातं त्यांच्या नावावर. थंडरबर्डला तुमचे सगळे मेल वाचायला, लिहायला, पाठवायला आणि कायमचे पुसायला परवानगी हवी आहे, असा त्याचा अर्थ.

"कायमचे पुसायला? मग नको देऊस. अगं, कपाटात ठेवायला बोलावलंय त्याला."

त्यांची शंका रास्त होती. पण प्रोग्रॅममध्ये मी डिलीट दाबलं तर तो मेल सर्व्हरवरून जायला हवा, एवढ्यासाठी ती परवानगी लागते. प्रोग्रॅम आपणहून पुसत बसत नाही. शिवाय परवाना गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावरून केव्हाही काढून घेता येतो आणि त्यासाठी पासवर्ड बदलावा लागत नाही. हे शेवटचं ऐकल्यावर ते तयार झाले.

जाहिरातवाल्या मुलाकडे फार जुनं आउटलूक आहे, त्याला ही ओऑथ पद्धत कळत नाही. नेटवरचे जुने लेख अशा वेळी 'कमी सुरक्षित ॲप' चालू करा असं सांगतात. त्यांच्या नादी लागू नका. वैयक्तिक खात्यांसाठी ती सोय ३० मे २०२२ पासून बंद आहे. अशा प्रोग्रॅमसाठी गूगल खात्यातून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो, आणि तो मिळण्यासाठी दुहेरी पडताळणी आधी सुरू असावी लागते. मी त्याला थंडरबर्डच घालून दिलं, सोपं पडलं.

खातं जोडणं इथे संपलं. चहा निवायच्या आत. खरं काम यानंतर.

डावीकडे फोल्डर दिसू लागले: कथा, कविता, लेख, मानधन, जाहिराती. जीमेलमध्ये ही लेबलं आहेत, फोल्डर नव्हेत. एका मेलला दोन लेबलं असू शकतात, आणि आयमॅपवर तो दोन्ही फोल्डरांत दिसतो. त्यावर 'ऑल मेल' नावाचा फोल्डर, ज्यात सगळंच पुन्हा असतं. मला सगळं टपाल कॉम्प्युटरवर उतरवायचं होतं. म्हणजे तोच फोटो 'कविता'मध्ये आणि 'ऑल मेल'मध्येही येणार. जीमेलच्या वेब पानावर सेटिंगमध्ये लेबलांची यादी आहे. तिथे प्रत्येक लेबलापुढे 'आयमॅपमध्ये दाखवा' अशी चौकट असते. ऑल मेलपुढची खूण काढली की प्रश्न मिटतो. पण त्याआधी एक गोष्ट करावी लागते: कुठलंही लेबल न लावता नुसते आर्काइव्ह केलेले, म्हणजे न पुसता इनबॉक्समधून बाजूला सारलेले मेल फक्त ऑल मेलमध्येच सापडतात. ते वेब पानावर शोधून त्यांना 'इतर' असं लेबल लावलं. काकांची निम्मी पत्रं त्यातच निघाली.

मग खात्याच्या सेटिंगमध्ये सिंक्रोनायझेशनच्या पानावर मेल या कॉम्प्युटरवर ठेवण्याची खूण आहे का ते पाहिलं, आणि उतरवण सुरू केली. ही रात्रभरात होणारी गोष्ट नाही. गूगलने आयमॅपवरून उतरवण्याला दिवसाला २५०० एमबीची मर्यादा घातलेली आहे. आमचं टपाल त्याच्या कितीतरी पट. रोज संध्याकाळी यंत्र चालू ठेवायचं, बाकी काही नाही.

त्याच दिवसांत 'सेंट'चीही व्यवस्था लावली. जीमेलच्या सर्व्हरमधून मेल गेला की त्याची प्रत जीमेल स्वतः ठेवतं. थंडरबर्डनेही ठेवली तर पाठवलेला प्रत्येक मेल दोनदा दिसतो. म्हणून 'कॉपीज अँड फोल्डर्स'मध्ये प्रत ठेवण्याची खूण असेल तर काढावी. गाळण्या (फिल्टर) मात्र मी थंडरबर्डमध्ये केल्या नाहीत. त्या फक्त माझं यंत्र चालू असतानाच चालतात. जीमेलमध्ये केलेली गाळणी रात्री तीन वाजता आलेल्या कवितेलाही लेबल लावते. आणि कविता रात्री तीनलाच येतात.

जुनं टपाल उतरल्यावर काही मेल वाचता येईनात. इथे दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचा घोळ होतो. पहिलं: सगळ्या ओळी डोक्यावर तिरपी रेघ घेतलेल्या रोमन ए ने भरलेल्या, मधे मधे चलनासारख्या खुणा. हा मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या अक्षरपद्धतीतच आहे, फक्त चुकीच्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे चुकीच्या अक्षरतक्त्याने उघडलाय. थंडरबर्डच्या व्ह्यू मेनूत एन्कोडिंग दुरुस्त करण्याचा पर्याय आहे, तो दाबला की बहुतेक वेळा मराठी परत येतं. दुसरं दुखणं म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप करून पाठवलेली पत्रं, श्रीलिपी वगैरेतली. त्यात कॉम्प्युटरच्या दृष्टीने मराठी अक्षरच नाही, रोमन खुणा आहेत. फॉन्ट त्यांना मराठी रूप देत होता. एन्कोडिंग कितीही बदला, उपयोग नाही. तो फॉन्ट तरी हवा, नाहीतर कन्व्हर्टर. आमच्या डीटीपी करणाऱ्या बाईंनी ती पत्रं बदलून दिली.

आता जागा मोकळी करणं. थंडरबर्डमध्ये 'लोकल फोल्डर्स' असतात, ते फक्त आपल्या डिस्कवर. जुन्या जाहिरातींचा एक छोटा फोल्डर घेऊन तिथे हलवून पाहिला. जीमेलची जागा तसूभरही कमी झाली नाही. कारण असं: आयमॅपवरून मेल शेवटच्या दिसणाऱ्या फोल्डरमधून काढला की जीमेल तो मूळ सेटिंगप्रमाणे पुसत नाही, आर्काइव्ह करतं. लेबल जातं, मेल ऑल मेलमध्ये बसून राहतो. ही सेटिंग बदलता येते. मी बदलली नाही. तिघांच्या खात्यात एखाद्याच्या चुकीच्या क्लिकने मेल नाहीसा होण्यापेक्षा हे बरं.

म्हणून हलवायच्या ऐवजी नक्कल केली. फोल्डर लोकलमध्ये कॉपी केला, दोन्हीकडचे मेल मोजून पाहिले, नेट बंद करून इकडच्या-तिकडच्या मेलना जोडलेल्या फाइली उघडून पाहिल्या. मग वेब पानावर जाऊन त्या लेबलाखालचे मेल निवडून पुसले. नुसतं लेबल पुसलं तर मेल जात नाहीत. त्याआधी तिथला 'कॉन्व्हर्सेशन व्ह्यू' बंद करून ठेवला. तो चालू असताना जुना मेल पुसला तर त्याच धाग्यातलं यंदाचं उत्तरही जातं, आणि आमचे काही लेखक दर वर्षी मागच्याच मेलला उत्तर म्हणून नवी कथा पाठवतात. शेवटी ट्रॅश रिकामा केला. तसा तो ३० दिवसांनी आपोआप होतो, पण तोवर जागा अडलेलीच राहते.

कपाट एकच असून भागत नाही, म्हणून थंडरबर्ड बंद करून त्याचा प्रोफाइल फोल्डर, ज्यात उतरवलेलं टपाल आणि सेटिंग असतात, तो पेनड्राइव्हवर घेतला. तो फोल्डर कुठे आहे हे हेल्पमधल्या ट्रबलशूटिंगच्या पानावर सापडतं. थंडरबर्ड मूळ मांडणीत एका मेल-फोल्डरची एकच मोठी फाइल करतो, आणि पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. 'कविता'ची फाइल त्याहून मोठी. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केल्यावर गेली. तो पेनड्राइव्ह काकांकडे दिला.

यंदाच्या अंकाचं साहित्य मात्र अजून सर्व्हरवरच आहे. अंक छापून झाला आणि मानधनाचे चेक गेले की तेवढे फोल्डर उतरवीन.