दाजींची झोप आणि बाकी सगळं

आमचे दाजी १०८वर पायलट आहेत, अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला तिथं पायलटच म्हणतात. २०१४ला महाराष्ट्रात ही सेवा सुरू झाली, त्यानंतर थोड्याच दिवसांत लागले. पुणे हायवेचे मोहोळ-टेंभुर्णीकडचे ॲक्सिडेंट, इकडं सोलापूरजवळ हैदराबाद रोडचे, आषाढीला पंढरपूरची ड्युटी. मी स्टाफ नर्स, म्हणजे असले पेशंट मी कॅज्युअल्टीत लाईटखाली बघते आणि ते रस्त्यावर, मोबाईलच्या टॉर्चवर, शेजारी लोकं व्हिडिओ काढत उभी. (त्यांना विचारूनच लिहितेय, 'नाव सोडून काय पण लिही' म्हणाले.)

अक्काची तक्रार अशी: झोपत नाहीत, पोरावर खेकसतात, घरात बोलत नाहीत, आणि पुणे हायवेवरच्या केगावकडनं जायचं म्हटलं की लांबचा वळसा घेतात. मग झोपेला मेडिकलमधनं गोळी, चिडचिडीला गुरुवारी अक्कलकोट, न बोलण्याला 'पुरुषमाणूस आहे, असतंय तसं', आणि वळशाचं तर कुणी विचारलंच नाही. मला वाटतंय वेगळं वेगळं धरलं तिथंच घोळ झाला.

२०१३च्या डीएसएम-५मध्ये, म्हणजे मनाच्या आजारांचं निदान करायच्या अमेरिकन पुस्तकात, पीटीएसडीची (भयंकर काही बघितल्या-सोसल्यानंतर जडणारा मनाचा आजार) २० लक्षणं चार गटांत दिली आहेत: नको असताना आठवणी-स्वप्नं येणं, त्याची आठवण देणाऱ्या जागा-गोष्टी टाळणं, मनात सारखं वाईटच येणं नि कशात जीव न लागणं, आणि अंग कायम ताणलेलं, म्हणजे दचकणं, चिडणं, झोप न लागणं. महिन्याच्या वर टिकलं आणि कामावर-घरावर परिणाम झाला तर निदान. कामाचा भाग म्हणून असलं पुन्हापुन्हा बघणारेसुद्धा यात येतात असं तिथं स्पष्ट लिहिलंय, मृतदेहांचे अवशेष गोळा करणाऱ्यांचं उदाहरणच आहे. आणि आता बरेच संशोधक म्हणतात की ही लक्षणं नुसती शेजारी शेजारी नसतात, एक दुसऱ्याला ओढतं.

दाजींचंच बघा ना, स्वप्नात डिझेलचा वास येतो म्हणून झोपायचीच भीती, मग दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल, सकाळी डोकं जड, कुकरच्या शिट्टीला दचकणार, दचकल्याचा राग पोरावर काढणार, ओरडल्यावर स्वतःचीच लाज, लाजेपायी बोलणं बंद, आणि बोलणं बंद म्हटल्यावर रात्री सगळं आतल्या आत फिरतंय, की परत तेच स्वप्न.

ह्या लोकांची अजून एक पंचाईत अशी की ड्युटीवर यातली निम्मी लक्षणं गुण म्हणून खपतात. फोन वाजायच्या आत जागा असलेला पायलट कुणाला नको? रक्त बघून काहीच न वाटणाऱ्या माणसाची सिनियर पाठ थोपटतात. पण तेच शरीर सुट्टीला घरी येतंय. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला गेलो होतो, सगळे वर आकाशाकडं आणि दाजी खाली गर्दीकडं, गेट कुठंय, गाडी आत येईल का, चेंगराचेंगरी झाली तर कुठनं काढायचं. अक्का म्हणाली, "अहो, वर बघा की." तर म्हणे, "बघायलोय ना."

२०२५च्या मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले, तेव्हा आपण सगळ्यांनी फायर ब्रिगेडचे फोटो स्टेटसला ठेवले. महिन्याभरानं त्या माणसांना झोप लागायलीय का, हे आपल्यापैकी कितींनी विचारलं? मी पण नाही.

गोळीचं सांगते. मेडिकलमधनं कुणाच्या तरी ओळखीनं आणतात ती बहुतेक बेन्झो गटातली (गुंगी आणणारी, सवय लागणारी) असते, धक्क्यानंतरच्या पहिल्या महिन्यात असल्या लक्षणांवर ती देऊ नका असं डब्ल्यूएचओचं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं, २०१३पासून म्हणणं आहे. क्वार्टर मारून झोप पटकन लागते पण मध्यरात्रीनंतर मोडते, म्हणजे ज्या साखळीतनं सुटायचं तिलाच तेल. आणि मोठी घटना झाली की सगळ्यांना एकदाच बसवून 'सांगा काय काय बघितलं' करतात, त्याचीही डब्ल्यूएचओ शिफारस करत नाही.

दाजींना मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी आधी झोपेवरच घेतलं. उठायची वेळ ठरलेली, पलंगावर मोबाईल बंद, आणि स्वप्नाचा शेवट दिवसा जागेपणी बदलून तो रोज मनात फिरवायचा. मला आधी हे खुळ्यासारखं वाटलं, पण ही रीतसर पद्धत आहे. झोप जरा सुधारली तशी चिडचिड आपोआप उतरली, तिच्यासाठी वेगळं काही केलं नाही. केगावचा वळसा मात्र चालूच आहे, त्यासाठी आता थेरपी सुरू झालीय.

ओपीडीत जायला लाज वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

अक्का विचारायलीय अजून किती दिवस. म्हटलं ते डॉक्टर ठरवतील, तू फक्त नाईट करून आलेल्या माणसाला अकरा वाजता उठवून भाजी आणायला पाठवू नको.