वस्तरा क्रमांक ३: कापराचा वास

जुने वस्तरे पुन्हा दाढीलायक करतोय. त्यातल्या दुसऱ्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, मी स्वतःच्या हातानं उतरवलं. ड्रिलला फेल्टचं चाक लावून पॉलिश करताना एकाच जागी जरा जास्त रेंगाळलो आणि धारेवर निळसर डाग उमटला. कार्बन पोलाद निळं पडलं म्हणजे तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं. तिथली धार पुन्हा टिकलीच नाही. म्हणून तिसऱ्याला मशीन लावायचंच नाही, असं ठरवलं.

हा पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सापडला. पात्याच्या मानेवर पुसट ‘झोलिंगेन, जर्मनी’, म्हणजे पात्यांसाठी नावाजलेलं शहर. गंज मात्र चमत्कारिक: मुठीत मिटून राहणाऱ्या भागावरच दाट, पाठ जवळजवळ स्वच्छ. मुठीवर कानस फिरवली तसा कापराचा वास आला आणि उलगडा झाला. सेल्युलॉइड! ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं बनतं. जुनं होऊन कुजायला लागलं की आम्लाच्या वाफा सोडतं आणि मिटलेलं पातं आतल्या आत खाल्लं जातं. अशी मूठ कितीही देखणी असली तरी ठेवू नका. आणि घासताना जवळपास काडी पेटवू नका, भसकन पेट घेते.

पातं फळीवर आडवं ठेवून, बुचाच्या तुकड्याला पाण्याचा पॉलिश पेपर गुंडाळून, ४०० पासून २००० पर्यंत (आकडा मोठा तितका कण बारीक, दगडांचंही तसंच) चार संध्याकाळी घासलं. दोन खड्डे राहिले. धारेपासून लांब आहेत, राहू दिले. नवी मूठ शिसवीची. ती जोडायला दीड मिलिमीटरची पितळी तार, वायसर आणि हातोडीचे अगदी हलके ठोके.

खरा कस दगडावर धार पाजण्यात लागला. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या हव्यात, कारण पाठीची जाडीच कोन ठरवते. १००० च्या दगडावर तासभर घालवला, तरी दहापट भिंगाखाली टाचेजवळ, म्हणजे पात्याच्या मानेकडच्या टोकाशी, धारेवर एक चमकता ठिपका दिसायचा. धार चमकते म्हणजे तिथे ती अजून बोथट आहे. पुढचा दगड घ्यायचा मोह आवरला, ठिपका जाईपर्यंत १००० सोडला नाही. मग ४०००, ८०००, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पन्नास फेऱ्या.

काल पहिली दाढी केली. गालांवर लोण्यासारखा फिरला, हनुवटीखाली मात्र ओढतोय. येत्या रविवारी १२००० चा दगड.